लक्षद्वीपला जायचे, पण किती बेटांवर आणि कसे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही उभयता, दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखत असलेल्या सत्तरीच्या आई असे चौघे जण एका आठवड्यासाठी लक्षद्वीपला जाऊ इच्छिता. माणसांनी न बिघडवलेली बेटे पाहावीत, आणि एवढ्या लांब जातोच आहोत तर निदान पाच बेटे पदरात पाडून घ्यावीत, असा तुमचा विचार आहे. जहाज बरे की विमान, पॅकेज न घेता स्वतंत्रपणे जाता येईल का, आणि मे महिन्याच्या सुटीत जमेल का, हे तुम्हाला हवे आहे. मी या बेटांवर आधी प्रवाळांच्या पाहणीसाठी आणि पुढे छोटे गट घेऊन बरीच वर्षे जात आलो आहे, त्या आधारावर लिहितो. पाच बेटांचा बेत सोडून द्यावा आणि एका बेटावर मुक्काम ठोकून फार तर शेजारच्या एखाद्या बेटावर दिवसभरासाठी जाऊन यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे समजण्यासाठी ही बेटे कशी बसली आहेत ते आधी पाहावे लागेल.

केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर पसरलेल्या या द्वीपसमूहाची सगळी जमीन एकत्र केली तरी ती ३२ चौरस किलोमीटर भरते. या बेटांना बिलगलेल्या लगूनांचे, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आत अडलेल्या उथळ आणि शांत पाण्याचे क्षेत्र मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. वस्ती दहा बेटांवर आहे आणि २०११ च्या जनगणनेत तेथील एकूण लोकसंख्या ६४,४७३ होती. म्हणजेच दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे. ओसाड किनारा आणि त्यावर एकटे माडाचे झाड, असे चित्र मनात ठेवून येणारा माणूस राजधानीचे बेट असलेल्या कवरत्तीच्या गल्ल्यांतून स्कूटर, शाळेची मुले आणि बांधकामाची वाळू पाहून थोडा हिरमुसतो. येथे न बिघडलेले जे काही उरले आहे ते मुख्यतः पाण्याखाली आहे, आणि तेही सर्वत्र सारखे उरलेले नाही. सहलीची आखणी हॉटेलांच्या यादीवरून न करता पाणी आणि होड्या यांच्यावरून करावी, असे मी सांगतो ते त्यामुळेच.

बहुतेक बेटे प्रवाळांच्या कंकणाकार भिंतीच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलेली आहेत आणि लगून त्यांच्या पश्चिमेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा पश्चिमेकडून येतात, प्रवाळभिंतीवर फुटतात, आणि मोडलेल्या प्रवाळांचा चुरा व वाळू आत ढकलत पूर्वेकडे साचवतात. त्या साचलेल्या वाळूचे बेट होते. ते समुद्रसपाटीपासून जेमतेम काही हात उंच असते, आणि त्याच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. विहिरीतून जास्त उपसा झाला की हा थर विरतो आणि खालचे खारे पाणी वर येते. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या खोल थरातील थंड पाणी आणि पृष्ठभागाजवळचे उबदार पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालणारा, दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे असे प्रकल्प इतर बेटांवरही आले. तरीही पर्यटक दिवसातून दोनदा शॉवरखाली उभा राहतो तेव्हा तो काय वापरतो आहे हे त्याला ठाऊक असावे. बेटांवर किती माणसे पेलतील हा प्रश्न शेवटी खाटांपेक्षा पाण्यावर येऊन थांबतो.

याच मर्यादेचे कागदावरचे रूप म्हणजे प्रवेश परवाना. १९६७ च्या नियमांनुसार बेटांचा रहिवासी नसलेल्या भारतीय नागरिकालाही लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो, आणि त्यावर कोणत्या बेटांवर व किती दिवस राहायचे ते नमूद असते. तिकीट काढून विमानतळ असलेल्या आगत्ती बेटावर उतरावे आणि मग मनात येईल त्या बेटाकडे निघावे, असा प्रकार येथे होत नाही. स्वतंत्रपणे जाणे अशक्य नाही. काही बेटांवर नोंदणीकृत घरगुती निवासाची सोय झाली आहे आणि स्थानिक यजमानाच्या आधाराने परवान्याचा अर्ज करता येतो. पहिल्या खेपेस मात्र लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेमार्फत, जिला सगळे ‘स्पोर्ट्स’ या लघुनावाने ओळखतात, किंवा प्रशासनाने मान्यता दिलेल्या आयोजकामार्फत जाणे सोयीचे पडते, कारण परवाना, निवास आणि बेटांमधील होडी या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि त्यांतली एक सुटली की बाकीच्या दोन निरुपयोगी ठरतात. अर्ज ऑनलाइन होतो. कागदपत्रांत पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला गेल्यास सर्वाधिक वेळ तोच खातो, म्हणून निघण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी प्रशासनाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी पाहून कामाला लागा.

आता मे महिन्याविषयी. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, जहाजावरच्या पर्यटन सफरी बंद असतात आणि लहान होड्यांची ये-जा अगदी कमी होते. विमाने हवामान पाहून चालू राहतात, पण लगूनमध्ये उतरता येणार नसेल तर तेथे जाऊन करायचे काय? मेचा पहिला पंधरवडा कागदोपत्री मोकळा दिसतो, तरी तोही मी टाळतो. त्या काळात हवा दमट आणि तापलेली असते, पाणीही वर्षातले सर्वांत उष्ण असते, आणि मोसमी वारे कधी चार दिवस आधीच येऊन थडकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र निवळत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते, पण नाताळच्या सुटीत तिकिटे मिळणे कठीण होते. पाण्याखालचे पाहणे हा मुख्य हेतू असेल तर मुलाची वार्षिक परीक्षा लवकर संपत असल्यास मार्च अखेर उत्तम, कारण तेव्हा समुद्र काचेसारखा स्थिर असतो आणि पाणी खूप खोलवर पारदर्शक दिसते. उकाडा सोसावा लागेल.

जहाज की विमान, हा तुमच्या प्रश्नातला खरा कळीचा भाग आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या आईंच्या गुडघ्यांत आहे. कोचीच्या विलिंग्डन बेटावरून निघणारी जहाजे बेटानुसार साधारण १४ ते १८ तास घेतात. त्यांतले एम. व्ही. कवरत्ती हे सुमारे सातशे प्रवाशांचे जहाज आहे, त्यात केबिन असतात, जेवण मिळते, आणि रात्री डेकवर वारा खात बसण्याचा आनंद विमानात मिळणे शक्य नाही. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने गोळी जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी कामाची नसते. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवणाऱ्या प्रचलित जहाज सफरीत रात्रीचा मुक्काम जहाजावर असतो आणि दिवसा बेटावर नेतात. ऐकायला हे सोपे वाटते, पण मोठे जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात थांबते. जहाजाच्या कुशीतले, पाण्यापासून थोड्याच उंचीवरचे दार उघडतात आणि खाली स्थानिक मोटारहोडी येऊन भिडते. ती होडी लाटेबरोबर कधी उंबरठ्याच्या पातळीला येते तर कधी कमरेइतकी खाली जाते. दारात एक आणि होडीत दोन खलाशी उभे असतात. ते तुमचा दंड धरतात, होडी वर येण्याची वाट पाहतात आणि इशारा करतात, त्या क्षणी पाऊल टाकायचे असते. तेव्हा खाली पाहायचे नाही, हातात पिशवी ठेवायची नाही आणि मनाने घाई किंवा उशीर करायचा नाही, सगळा हिशेब त्यांच्यावर सोपवायचा. लहान मुले यात फार पटकन तरबेज होतात. ज्यांचा गुडघा ऐन वेळी वाकत नाही किंवा वजन पेलत नाही त्यांना मात्र हा प्रकार दिवसातून दोनदा, तीन दिवस करायला लावणे मला योग्य वाटत नाही. काही बेटांच्या पूर्वेला धक्के झाले आहेत आणि समुद्र शांत असेल तर तेथे थेट उतरता येते, पण सहलीची भिस्त त्या शक्यतेवर ठेवता येत नाही.

म्हणून तुम्ही विमानाने जावे. लक्षद्वीपमधील एकमेव विमानतळ आगत्तीच्या दक्षिण टोकावर आहे, कोचीहून सुमारे दीड तास लागतो. धावपट्टी सुमारे १,२०० मीटरचीच असल्याने लहान विमाने येतात आणि सामानाच्या वजनाबाबत सक्ती असते. खिडकीची जागा मिळाली तर उतरताना निळ्या रंगाच्या बदलत्या छटांवरून प्रवाळभिंत कोठे आहे, लगूनमध्ये शिरण्याची वाट कोठे आहे आणि उथळ वाळू कोठे आहे हे नीट पाहून ठेवा. पुढचे चार दिवस तुम्ही त्याच नकाशावर वावरणार आहात.

मुक्काम आगत्तीवर ठेवावा आणि एक दिवस बंगारम व तिन्नकरा या जुळ्या बेटांसाठी द्यावा, ही रचना तुमच्या कुटुंबाला मानवेल. ही दोन्ही एकाच लगूनमध्ये आहेत, तेथे गावाची अशी वस्ती नाही, आणि तुमच्या मनातले न बिघडलेले बेट जर कोठे भेटलेच तर ते तेथे भेटेल. त्याच लगूनमध्ये पराली नावाची छोटी बेटे होती, त्यांपैकी एक झिजून पूर्णपणे नाहीसे झाले आहे. १९६८ मध्ये ते नकाशावर होते, २०१७ मध्ये प्रकाशात आलेल्या अभ्यासात ते संपलेले आढळले. बंगारमच्या पांढऱ्या वाळूवर उभे राहून या गोष्टीचा विचार करायला काही हरकत नाही.

तुमच्याकडे जास्त दिवस असते आणि सोबत आई नसत्या तर मी कडमत सुचवले असते. ते सुमारे आठ किलोमीटर लांब आणि अतिशय अरुंद बेट असून तेथील लगून पोहायला शिकणाऱ्यासाठी आदर्श आहे. आणि माणसांत रस असणाऱ्याला मी नेहमी मिनिकॉयला पाठवतो. ते इतर बेटांपासून ‘नऊ अंश खाडी’ नावाच्या रुंद समुद्रपट्ट्याने तुटलेले, मालदीवला जवळचे बेट आहे. बाकी बेटांवर मल्याळमच्या जवळची जेसरी बोली चालते, तर येथे महल ही दिवेहीची, म्हणजे मालदीवच्या भाषेची, बोली बोलतात आणि ती उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या ताना लिपीत लिहितात. १८८५ पासून उभा असलेला दीपस्तंभ पाहायला सगळेच जातात. पण तेथे ट्यूनाची मासेमारी पाहावी. पहाटे लगूनमधून जिवंत लहान मासे पकडून होडीच्या पोटातल्या टाकीत ठेवतात, ट्यूनाचा थवा दिसला की ते मूठमूठ पाण्यात फेकतात आणि त्याच वेळी होडीच्या मागून पाण्याचे फवारे उडवतात, त्यामुळे समोर लहान माशांची झुंबड उडाली आहे असा ट्यूनांचा समज होतो. मागच्या फळीवर ओळीने उभे असलेले लोक उलट दात नसलेला गळ लावलेल्या काठ्यांनी एकेक मासा उचलून डोक्यावरून मागे भिरकावतात, मासा हवेतच गळावरून सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यात जाते. जाळे नाही, नको असलेला मासा मरत नाही. पुढे हाच मासा शिजवून, धुरावर धरून आणि उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात, त्याला ‘मास’ म्हणतात. आगत्तीलाही तो मिळेल, थोडा विकत घ्या. वजनाला हलका आणि वर्षभर टिकणारा आहे, डब्याचे झाकण मात्र घट्ट हवे.

पाण्याखाली काय दिसेल, याविषयी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण जाहिरातींतली रंगीत प्रवाळांची बाग पाहून आलेले लोक निराश होतात आणि मग सारे संपलेच आहे असे म्हणत परततात. दोन्ही टोके चुकीची आहेत. प्रवाळ हा प्राणी आपल्या ऊतींत सूक्ष्म शैवाल सांभाळतो आणि त्याचे बरेचसे अन्न त्या शैवालाकडून येते. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभराने जरी आठवडेच्या आठवडे तापलेले राहिले तरी तो हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे मोठे आघात झाले. आगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथे दीर्घकाळ चाललेल्या नोंदींनुसार १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळांचे आच्छादन साधारण निम्म्यावर आले. प्रत्येक आघातानंतर वाढ पुन्हा सुरू होते, पण पुढचा आघात आता लवकर येतो. तुम्हाला फांद्यांच्या प्रवाळांचे तुटके, करड्या शैवालाने झाकलेले पट्टे दिसतील, आणि त्याच भिंतीवर थोडे पुढे गोलाकार, दणकट प्रवाळांचे जिवंत ढीग दिसतील. मासे मात्र भरपूर आहेत. ट्यूना खुल्या समुद्रात पकडला जात असल्यामुळे प्रवाळांवरच्या माशांवरचा ताण येथे दीर्घकाळ कमी राहिला, आणि त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडणारा पोपटमासा शोधा. तोंड पाण्यात बुडवून स्तब्ध राहिलात तर त्याच्या खरवडण्याचा कुरकुर आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून बारीक पांढऱ्या वाळूचा ढगही सुटताना दिसतो. किनाऱ्यावरची बरीचशी वाळू याच मार्गाने तयार झालेली असते, हे मुलाला सांगा, ते त्याच्या कायमचे लक्षात राहील.

आगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी समुद्री कासवे दिसण्याची चांगली शक्यता आहे. पर्यटक त्यांच्यावर खूश असतात, स्थानिक कोळी तेवढे खूश नसतात. संख्या वाढल्यावर या कासवांनी समुद्री गवताची कुरणे इतकी खरडून खाल्ली की त्या गवतात वाढणाऱ्या माशांवर परिणाम झाला. कासव दिसले की त्याच्या मागे पोहू नये, बाजूला थांबावे. श्वासासाठी वर येणाऱ्या प्राण्याची वाट अडवणे ही थट्टा नाही.

पाण्यात उतरण्याची वेळ घड्याळावर न ठरवता भरती-ओहोटीवर ठरवा. ओहोटीच्या तळाशी किनाऱ्याजवळ गुडघाभर पाणी राहते, त्यातून चालत जाताना पाय प्रवाळांवर पडतात, ते मोडतात आणि तळवेही फाटतात. भरती अर्धी झाल्यावर उतरून भरती पूर्ण होण्याच्या सुमारास परतावे. थकल्यावर उभे राहायचे असेल तर खाली फक्त वाळू आहे याची खात्री करावी. लाइफ जॅकेट घालून पालथे तरंगणे मुलाला पहिल्याच दिवशी जमेल. स्कूबा डायव्हिंग दहाव्या वर्षी नियमात बसते, तरी मी त्याला या खेपेस स्नॉर्केलिंगवरच, म्हणजे नळीतून श्वास घेत पृष्ठभागावर तरंगण्यावरच ठेवीन. तुम्ही स्वतः डायव्हिंग करणार असाल तर शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत १८ ते २४ तासांचे अंतर सोडा. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा पाठीचे रक्षण जास्त चांगले करतो आणि पाण्यातही काही मिसळत नाही.

गावातल्या वावराबद्दल थोडक्यात सांगतो. रहिवासी बहुतांशी मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जमातींमध्ये गणले जातात. घर आणि जमीन परंपरेने आईच्या बाजूने चालत आली आहे. पोहण्याचे कपडे पर्यटकांसाठीच्या किनाऱ्यापुरते ठेवावेत, गावात अंगभर कपडे घालावेत, स्त्रियांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. बंगारम वगळता दारूबंदी आहे. कुत्रे या बेटांवर नाहीत, त्यामुळे रात्री निर्धास्तपणे फिरता येते. भाजीपाला जवळजवळ सगळा मुख्य भूमीवरून येतो, तेव्हा ताटात मासे, भात आणि खोबरे वारंवार दिसले तर तक्रार करू नये. शाकाहारी असाल तर आधी कळवावे. जानेवारी २०२४ मध्ये समुद्राखालच्या केबलने बेटे कोचीशी जोडली गेली, त्यामुळे मोबाइल बऱ्यापैकी चालतो, तरी रोख रक्कम जवळ असावी. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नका. प्रवाळ, समुद्र काकडी आणि अनेक शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि परतताना सामान तपासले जाते. प्लास्टिकच्या बाटल्या, डायपर, बॅटऱ्या यांपैकी जे घेऊन जाल ते परत आणा. तेथे कचरा पुरायला जागा नाही, आणि जेथे पुरला जातो त्याच्या खालीच विहिरींचे पाणी असते.

‘हे आपले मालदीव’ असे वाक्य तेथे मोठ्याने बोलू नये, असेही सुचवतो. २०२१ मध्ये विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे अधिकार देणाऱ्या विकास प्राधिकरण नियमावलीच्या मसुद्याला बेटांवरून तीव्र विरोध झाला होता, आणि आपली जमीन कोणासाठी आणि कशासाठी वापरली जाणार हा तेथील घराघरातला जिव्हाळ्याचा विषय आहे.

राहता राहिला आईंचा प्रश्न. त्यांनी अवश्य यावे. आगत्तीला पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरची खोली मागून घ्या, म्हणजे लगून त्यांना बसल्या जागेवरून दिसेल. भरतीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात खुर्ची टाकल्यासारखे निवांत बसता येते आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते बरे वाटते. बंगारमला जायच्या दिवशी होडीत चढताना पाण्यातून दोन-चार पावले चालावे लागेल, त्याची कल्पना होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी द्या, तो लाकडी पायरी किंवा स्टूल घेऊन येईल. नेहमीची औषधे दुप्पट दिवसांची घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. आगत्ती, कवरत्ती आणि मिनिकॉय येथे रुग्णालये आहेत, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते आणि तेही हवामानाच्या मर्जीवर असते, म्हणून निघण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. परतीचा कोची ते घर हा प्रवास त्याच दिवशी ठेवू नका. आगत्तीचे विमान ढगांमुळे रद्द होणे नवीन नाही, आणि मधला एक मोकळा दिवस पुढच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो.